काचेवरचा पाव्हणा

तो कण मीही पाहिला होता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि कॉलेजच्या ज्या मित्रासोबत सरांच्या आठवणी काढत बसतो त्यालाही नाही. मित्र सरांची नक्कल झकास करतो. मी हसतो. हसता हसता दर वेळी वाटतं, आता बोलून टाकावं. तेवढ्यात चहा संपतो.

सर आम्हाला चंद्रपूरला औषधनिर्माण शिकवायचे. कॉलेज शहराच्या टोकाला, घुग्घुसच्या रस्त्यावर. कोळशाचे ट्रक दिवसभर चालू असत. बाकावर बोट फिरवलं की बोट काळं. पहिल्याच तासाला सर टेबलावरून बोट फिरवत, वर्गाला दाखवत आणि म्हणत, "पाहा. या कॉलेजात शुद्ध म्हणाल तर येवढीच येक वस्तू भेटते."

पन्नाशी उलटली तरी त्यांना चष्मा नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना लहान पोरासारखा अभिमान होता. घर ब्रह्मपुरीकडचं, तलावाच्या काठावरच्या गावात. वडील ढिवर. सरांनी स्वतः मॅट्रिकपर्यंत डोंग्यात बसून जाळं टाकलेलं. "पाण्यात मासा हाये का सावली, हे ज्याले उमजत नाई त्यानं डोंग्यात बसू नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कशावरही चालायचं. परीक्षेत चुकीचं उत्तर लिहिलं तरी हेच, लग्नाची मुलगी पाहून आलेल्या सहकाऱ्यालाही हेच.

चहा ते ढवळत नसत. टपरीवर ग्लास उजेडात धरून तळाची साखर बघत उभे राहायचे. टपरीवाला वैतागायचा. "सर, च्या पेवासाठी असते. पाहासाठी नसते."

"तू साखर किती टाकली?"

"दोन चमचे."

"टाकली किती ते तुले मालूम. विरघळली किती, ते मालूम हाये का?"

सरांचा सगळा अभ्यास या प्रश्नात मावत होता. फक्त चहाच्या जागी पॉलिमर आणि साखरेच्या जागी औषध. पुष्कळ औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. गोळी गिळली तर पोटातून तशीच्या तशी निघून जाते, रोगी म्हणतो डॉक्टर खोटा. मग अशा औषधाला आधी एका पॉलिमरमध्ये विरघळवतात. पॉलिमर म्हणजे डिंकासारखी, पोटाला न बाधणारी, पाण्यात सहज जाणारी वस्तू. डिंक पोटात विरघळला की औषधही त्याच्यासोबत मोकळं होतं. प्रश्न एवढाच, की त्या डिंकात औषध मावतं किती? कमी घातलं तर गोळी लाडवाएवढी होते. जास्त घातलं तर जास्तीचं औषध एक ना एक दिवस बाहेर येऊन पुन्हा स्फटिक होऊन बसतं, आणि केलेली सगळी मेहनत वाया.

कठीण भाग तो "एक ना एक दिवस". चहातली जास्तीची साखर लगेच तळाला दिसते. डिंक घट्ट असतो, जास्तीचं औषध त्याच्यात अडकून पडतं. महिनोन्‌महिने काच आरशासारखी स्वच्छ. आपण म्हणतो, मावलं. ते मावलेलं नसतं, थांबलेलं असतं. सरांच्या टेबलावर एटापल्लीच्या जंगलातला मध एका बाटलीत ठेवलेला होता. चार वर्षं पातळ होता, आणि एका थंडीत खालून वर दाणे धरून थिजला. ती बाटली ते कोणाला चाखू देत नसत. नव्या पोरांना दाखवायचे. "चार साल गपचूप होता लेकाचा. बोलला का? नाई बोलला."

म्हणून सरांचा नियम असा, की काचेवर औषध आणि पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, औषधाचं प्रमाण प्रत्येक काचेवर थोडं थोडं वाढवत न्यायचं, वर पातळ झाकणकाच बसवायची आणि सगळ्या काचा खिडकीत मांडून एक आख्खा पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यायचा. दमट हवेनं डिंक सैल होतो. ज्याला बाहेर यायचं तो येतो. ज्या काचेवर स्फटिक उगवला तिच्या अलीकडची काच खरी. नागपूरच्या एका कारखान्याचा माणूस एकदा आला होता. म्हणाला, गरम पेटीत ठेवा ना सर, पंधरा दिवसांत उत्तर. सरांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या इकडं धान कुकरमधी पिकवते काय?" तो माणूस पुन्हा आला नाही. प्राचार्यांनी सरांशी बोलणं थांबवलं. पोरांनी सरांचं नाव 'चातुर्मास' ठेवलं.

प्रयोगशाळेचे मदतनीस शब्बीरभाई रोज त्या काचांच्या भोवतीची धूळ पुसत. काचांना हात लावायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. काच उचलायची ती सरांसमोरच, हा त्या खोलीचा कायदा. "बीवी का पापड़ भी इतने दिन नहीं सूखता सर," ते म्हणायचे.

"पापड वाळला तं तुले कळते. हे वाळलं का रडलं, ते कळासाठी डोळा लागते, शब्बीर."

डोळ्याची व्यवस्थाही सरांची स्वतःची होती. बंद पडलेलं कॅल्क्युलेटर सरांना आणून द्यायचं, ही कॉलेजची रीत. कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर एक पातळ पापुद्रा असतो. असे दोन पापुद्रे एकमेकांना आडवे धरले, की उजेड आरपार जात नाही, सगळं काळं. सरांनी ते मायक्रोस्कोपला लावले होते, एक काचेखाली, एक वर. मध्ये स्फटिक असेल तर त्या काळोखात तेवढाच चमकतो. काच फिरवली की विझतो, पुन्हा फिरवली की पुन्हा पेटतो. कोळशाची धूळ चमकत नाही. काळ्यात काळी राहते. चंद्रपुरात राहून हे काम करायचं, तर दुसरा इलाज नव्हता.

कण चमकला की सर म्हणायचे, "आला पाव्हणा." आनंदानं नव्हे. न सांगता मुक्कामाला येणाऱ्या माणसाविषयी म्हणतात, तसं. आणि लगेच लिहू देत नसत. संध्याकाळी दिसलेला सकाळी पुन्हा पाहायचा, मगच लिहायचं. "येक डाव पाह्यलं ते डोळ्याचं. दोन डाव पाह्यलं ते काचेचं."

एका शनिवारी ते मला गावाला घेऊन गेले. का, ते आठवत नाही. बहुतेक मी मेसच्या जेवणाविषयी काही बोललो असेन. ब्रह्मपुरीपर्यंत बस, पुढं जीप, माणसं टपावर. घरी बहीण होती आणि म्हातारी माय. माय अंगणात बसून होती. बहिणीनं ताटं मांडली आणि माय ओरडली, "मुंग्या! भातात मुंग्या हायेत, पाहा ना!"

भात पांढरा स्वच्छ होता. मी बहिणीकडं पाहिलं. ती तव्याकडं पाहत होती. सरांनी आपलं ताट बाजूला सारलं, मायसमोर मांडी घातली आणि तिच्या ताटातून एकेक मुंगी उचलायला लागले. चिमटीत धरायचे, ओट्यावर नेऊन सोडायचे, परत यायचे.

"ते पाह, तिकडं येक."

"धरली वो माय."

"मारू नको."

"नाई मारत."

पुष्कळ वेळ चाललं ते. मायचं समाधान झालं तेव्हा भात थंड झाला होता. मग सगळे जेवलो. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. नागभीड मागं टाकल्यावर म्हणाले, "तिच्या मायलेही असंच झालं होतं. म्हातारपणी दिसाले लागते. मले कायचीच भीती नाई रे. मराची नाई. पण येक दिवस मले मुंगी दिसन, अन्‌ मले वाटन का ते हाये."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर इतके खड्डे, की झोप येणं शक्य नव्हतं.

म्हणजे मला माहीत होतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कोणाला वाटेल, पोराला कुठून ठाऊक असणार.

एम.फार्म.ला मी सरांकडेच होतो. माझे वडील माजरीच्या खाणीत, निवृत्ती तोंडावर, क्वार्टर सोडायचं. मी हे कारण स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते खरं वाटायला लागलं होतं. खरं कारण घाई. हैदराबादच्या एका कंपनीनं मला निवडलं होतं, दसऱ्याच्या आत थिसिस देऊन रुजू व्हायचं होतं. आणखी वर्षभर थांबा असं सांगितलं असतं तर कंपनी कदाचित थांबलीही असती. मी विचारलंच नाही. मला त्या धुळीतून निघायचं होतं.

माझ्या काचा खिडकीत होत्या. तीस टक्क्यांची काच आषाढातच स्फटिकांनी फुलली. पंचवीसची स्वच्छ होती, आणि मी सगळ्या गोळ्या, सगळी पुढची मापं पंचवीस धरूनच केली होती. पंचवीस गेली तर सगळं नव्यानं, आणि त्याच्यावर आणखी एक पावसाळा.

गणपती उठले, पाऊस मात्र उठायचं नाव घेत नव्हता. त्या संध्याकाळी सरांनी पंचवीसची काच लावली. खोलीत आम्ही दोघंच. ते बराच वेळ वाकून होते. मग हळूच म्हणाले, "आला पाव्हणा."

"कुठं सर?"

"डाव्या कोपऱ्यात. पाह."

मी डोळा लावला. सगळं काळं, आणि डाव्या कोपऱ्यात झाकणकाचेच्या काठाशी एक पांढरा कण. खसखशीच्या दाण्याहून बारीक. मी काच फिरवली. विझला. आणखी फिरवली. पेटला. शंकेला जागा नव्हती. तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात सरांचा हात माझ्या खांद्यावर आला. "सकाळी पाहू. येक साल जाईन रे बाबू. साल येते अन्‌ जाते. औषध खोटं निघालं नाई पाह्यजे." छत्री घेऊन ते गेले. शब्बीरभाई तिकडं मेणबत्त्या शोधत होते, त्यांचा पुटपुटण्याचा आवाज येत होता.

बाहेर अजून थोडा उजेड होता. मी स्पिरिटचा दिवा पेटवला, काच चिमट्यात धरली आणि ज्योतीच्या वर फिरवली. तापवलं की औषध डिंकात परत विरघळतं. हे मला सरांनीच शिकवलं होतं. थोडा जळक्या साखरेसारखा वास आला. काच निवू दिली आणि खिडकीत तिच्या जागेवर ठेवली. प्रयोग करताना हात असतो तसाच होता. शब्बीरभाई मेणबत्ती घेऊन आले तेव्हा मी दप्तर आवरत होतो.

मुंग्या त्या वेळी आठवल्या नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो. आठवल्या होत्या. मला वाटलं, सर म्हणतील नजर चुकली, आणि सोडून देतील. माणसांची नजर चुकतेच.

सकाळी मी पोचलो तेव्हा सर आधीच वाकून बसले होते. काच सरकवत होते, फिरवत होते. दिवा पुढं घेतला, मागं घेतला. भिंगावर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकानं पुसलं. वरचा पापुद्रा काढून दुसरा लावला. शब्बीरभाईंना या खोलीत काय घडतंय ते कळलं नव्हतं. ते झाडू मारता मारता म्हणाले, "क्या सर, मेहमान चला गया क्या?"

"पाव्हणा असा जात नाई शब्बीर. येक डाव बसला का बसला."

मग ते माझ्याकडं वळले. काचेला कोणी हात लावेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर संशय असता तर मला सोपं गेलं असतं.

"तूनं पाह्यलं होतं ना रे काल?"

"नाही सर. मी डोळा लावला अन्‌ लाईट गेली."

"काईच नाई दिसलं?"

"नाही."

ते माझ्याकडं पाहत राहिले. मी आणखी काही बोलेन, अशी वाट पाहिल्यासारखे. बाहेर एक ट्रक गेला, खिडकीतल्या काचा किणकिणल्या.

"बरं," सर म्हणाले. "मंग ते मुंगीच असन."

शब्बीरभाई हसले. त्यांना वाटलं सर विनोद करताहेत. सरांनी मायक्रोस्कोपवर फडकं टाकलं, कडा नीट ओढून घेतल्या आणि हात धुवायला गेले.

थिसिसवर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. पंचवीस टक्के. मी जायच्या आदल्या दिवशी ती काच खिशात घातली. आठवण म्हणून नाही. ती पुन्हा फुलली आणि सरांनी पाहिली तर, या भीतीनं. भीती फुकट होती. सर त्या खिडकीकडं परत गेलेच नाहीत.

हे मला पुढं शब्बीरभाईंकडून फोनवर कळत गेलं. "सर अब काँच नहीं देखते भाई. लड़कों को बोलते, तुम देखो, क्या दिखा मुझको बताओ. जो वो बोलते, वही मान लेते." पुढच्या खेपेला म्हणाले, सर डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, नजर विशीतल्या पोरासारखी आहे. मी म्हटलं, चांगलंच की. शब्बीरभाई म्हणाले, "क्या चांगलं? सर रिक्शे में रो रहे थे."

डोळा चांगला निघाला म्हणजे दोष दुसरीकडं, हे मला कळायला शब्बीरभाईंची गरज नव्हती. पुढच्या वर्षी सरांनी मुदतीआधी नोकरी सोडली. खिडकीतल्या काचा बादलीत टाकून धुवायला सांगितल्या. मधाची बाटली शब्बीरभाईंना दिली.

माझा थिसिस कोणी उघडला नाही. त्यातली गोळी कोणी बनवली नाही, कोणी गिळली नाही. माझ्या खोटेपणानं एकाही रोग्याचं काही बिघडलं नाही, हे मी कितीदा तरी स्वतःला समजावलं आहे. बिघडायचं ते एकाच माणसाचं बिघडलं.

हैदराबादला मी तेच काम करतो. आमच्याकडं यंत्र आहे. सकाळी नमुना घातला की दुपारी आकडा येतो, किती मावतं त्याचा. तरी मी सहीच्या आधी आकडा दुसऱ्यांदा काढायला लावतो. हाताखालची पोरं माझ्या मागं काय म्हणत असतील, ते मला ठाऊक आहे. चंद्रपूरची काच टेबलाच्या खणात होती. हैदराबादच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी ती काढून यंत्राखाली नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली धरली. डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत भरली होती. फिरवली, विझली. फिरवली, पेटली. दोनदा पाहिली. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

तरी मी गेलो नाही. गेलो तो गेल्या वर्षी.

जीप आता तलावापर्यंत जाते. माय केव्हाच गेली. सर ओट्यावर बसून जाळं विणत होते, बिनचष्म्यानं. सुतळीची बारीक गाठ बोटांनी चाचपत नव्हते, डोळ्यांनी पाहून मारत होते. मला लांबूनच ओळखलं. "काऊन रे, वजन वाढवलं?" मग चंद्रपूरचं विचारलं, शब्बीरभाईंचं विचारलं, पावसाचं बोलले. काम कसं चाललंय ते विचारलं नाही. काच माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, रुमालात गुंडाळलेली.

बहिणीनं ताटं आणली. भात आणि मासोळीचा रस्सा. सरांनी ताट पुढं ओढलं आणि हात न लावता थांबले.

"पाह वो बाई, भातात काई हाये का?"

"काई नाई भाऊ. जेव." ती माझ्याकडं वळून सहज म्हणाली, "रोजचंच हाये. मी सांगतल्याशिवाय घास घेत नाई. तलावातला मासा याले काठावरून दिसते, अन्‌ ताटातला भात मले पाहा लागते."

"मासा चुकला तं चुकला," सर म्हणाले. मग त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "आज तू पाह. तुही नजर चांगली होती."

मी पाहिलं. भात पांढरा स्वच्छ होता. सर माझ्या तोंडाकडं पाहत होते. त्या सकाळी पाहिलं होतं, तसेच. खिशातली काच मला बरगडीशी लागत होती. बोलायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं.

"काही नाही सर," मी म्हणालो. "साफ आहे."

"बरं," म्हणून ते जेवायला लागले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "मासोळी ताजी हाये. खा."

मी जेवलो. संध्याकाळच्या जीपनं परत निघालो. काच आजही खणात आहे.

सरांना त्या संध्याकाळी दिसला तो स्फटिकच होता. मी तो त्यांच्यानंतर पाहिला, आणि मीच विझवला. हे त्यांच्यासमोर बसून, ते जेवायच्या आधी, मला त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.